साक्षीवर विश्वास नाही म्हणाले, पुढे काय?

अमेरिकेत आश्रय मागणाऱ्या माणसाकडे बहुतेक वेळा एकच पुरावा असतो, त्याचं स्वतःचं सांगणं. मारहाण करणारे पावती देत नाहीत आणि जीव घेऊन पळणारा माणूस दाखले गोळा करत थांबत नाही. त्यामुळे इमिग्रेशन जजने निकालात ‘अर्जदाराची साक्ष विश्वासार्ह नाही’ असं लिहिलं की दाव्याचा पायाच जातो. छळ झाला होता का, कशासाठी झाला, परत गेल्यावर काय होईल, हे प्रश्न मग जवळपास विचारातच येत नाहीत.

असा निकाल हातात पडल्यावर घरचे लोक वकिलाला पहिल्यांदा सांगतात, ‘पण तो खरं बोलतोय हो.’ ते मनापासून सांगतात आणि पुष्कळदा ते खरंही असतं. तरी अपील कोर्टात या वाक्याचा उपयोग नाही, हे आधीच समजून घेतलेलं बरं. हे अपील कोर्ट म्हणजे विभागवार, क्रमांकाने ओळखलं जाणारं केंद्रीय सर्किट कोर्ट; ते साक्ष पुन्हा ऐकत नाही. नवा कागद घेत नाही. कायद्यानेच त्याला खालच्या रेकॉर्डबाहेर, म्हणजे तिथल्या साक्षी, कागद आणि निकाल यांबाहेर, जायला मनाई आहे. जजने अविश्वासाची जी कारणं लिहिली, ती रेकॉर्डच्या पानांवर उभी राहतात का, एवढं ते पाहतं. म्हणून पुढचं सगळं काम पान क्रमांकांचं आहे, आणि ते नीट केलं तर असे निकाल फिरतातही.

आधी तारीख बघा

इमिग्रेशन जजच्या निकालावरचं पहिलं अपील बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सकडे जातं. त्या बोर्डाचा अंतिम निकाल लागला की पिटिशन फॉर रिव्ह्यू, म्हणजे त्या निकालाविरुद्धचा अर्ज, ३० दिवसांत सर्किट कोर्टात पोहोचावी लागते. दिवस मोजायचे ते निकालावरच्या तारखेपासून. पाकीट घरी कधी आलं, वकिलाने फोन कधी केला, याला अर्थ नाही. तिसाव्या दिवशी पोस्टात टाकून चालत नाही, तोवर ती कोर्टाच्या दप्तरी दाखल झालेली हवी. ही मुदत कोर्टाच्या अधिकारक्षेत्राशी बांधलेली नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये म्हटलं; त्यावर विसंबून राहू नका. सरकारी वकिलाने उशिराचा मुद्दा काढला की पिटिशन जायची ती जातेच.

इथे एक चूक पुन्हा पुन्हा होते. लोक बोर्डाकडेच फेरविचाराचा किंवा प्रकरण पुन्हा उघडण्याचा अर्ज टाकतात आणि त्याच्या निकालाची वाट बघत बसतात. त्या अर्जामुळे ३० दिवसांचं घड्याळ थांबत नाही. सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. फेरविचाराच्या अर्जाला ३० दिवस आणि प्रकरण उघडण्याच्या अर्जाला साधारणपणे ९० दिवस मिळतात, हे खरं. पण मूळ निकालाविरुद्धची पिटिशन वेगळी आणि त्या अर्जावरच्या निकालाविरुद्धची वेगळी. दोन्ही निकालांना आव्हान द्यायचं असेल तर दोन पिटिशन लागतात. पहिली चुकली की विश्वासार्हतेचा मुद्दा गेला, कारण दुसऱ्या पिटिशनमध्ये कोर्ट फक्त तो अर्ज नाकारणं योग्य होतं का एवढंच बघतं.

कोणत्या सर्किटमध्ये जायचं हे अर्जदार आता कुठे राहतो यावर ठरत नाही. इमिग्रेशन जजने सुनावणी जिथे पूर्ण केली, तिथलं सर्किट लागतं. हे महत्त्वाचं आहे, कारण एकाच कायद्याकडे दुसरं सर्किट आणि नववं सर्किट वेगवेगळ्या नजरेने बघतात.

आणि पिटिशन टाकली म्हणून हद्दपारी आपोआप थांबत नाही. स्टेसाठी, म्हणजे हद्दपारीला तात्पुरत्या स्थगितीसाठी, वेगळा अर्ज करावा लागतो. २००९ च्या नकेन विरुद्ध होल्डर या निकालात सुप्रीम कोर्टाने चार गोष्टी ठरवून दिल्या आहेत: जिंकण्याची सबळ शक्यता, स्टे नाही मिळाला तर भरून न येणारी हानी, स्टेमुळे समोरच्या पक्षाचं किती नुकसान, आणि सार्वजनिक हित. नुसती हद्दपारी ही आपोआप ‘भरून न येणारी हानी’ ठरत नाही, असंही त्याच निकालात आहे, कारण माणूस परत पाठवला गेला तरी त्याची पिटिशन चालू राहते. म्हणून स्टेच्या अर्जात परत गेल्यावर नेमका कोणता धोका आहे ते लिहायचं, आणि अविश्वासाच्या कारणांपैकी सगळ्यात कच्ची दोन-तीन तिथेच पानांसकट दाखवायची. ‘मुद्दे गंभीर आहेत’ असं मोघम लिहिलेला स्टेचा अर्ज वाया जातो.

जजला कायद्याने किती मोकळीक दिली आहे

११ मे २००५ ला रिअल आयडी कायदा झाला. त्या दिवसापासून दाखल झालेल्या अर्जांना त्यातले विश्वासार्हतेचे नियम लागतात. त्याआधी बऱ्याच सर्किटांचं म्हणणं होतं की विसंगती दाव्याच्या गाभ्याशी संबंधित असली पाहिजे. मारहाणीची हकीकत जुळत असेल तर बसने आलो की ट्रेनने, या फरकावरून माणसाला खोटं ठरवता येत नव्हतं. २००५ च्या कायद्याने ही अट काढून टाकली. आता साक्षीदाराची देहबोली, उत्तरांतला मोकळेपणा, हकीकतीची संभाव्यता, लेखी आणि तोंडी निवेदनांतला मेळ, निवेदनाचा अंतर्गत मेळ, इतर पुराव्याशी मेळ, आणि कुठलीही चूक किंवा असत्य, हे सगळं जज विचारात घेऊ शकतो, मग ते गाभ्याशी संबंधित असो वा नसो.

पण त्याच कलमात दोन शब्दप्रयोग आहेत, ते घाईत वाचणाऱ्यांच्या नजरेतून सुटतात. एक, हे सगळं ‘एकूण परिस्थिती’ पाहून ठरवायचं आहे. दोन, आधीच्या निवेदनांशी तुलना करताना ती कोणत्या परिस्थितीत दिली गेली हे लक्षात घ्यायचं आहे. चांगल्या पिटिशनचा निम्मा युक्तिवाद या दोन जागांतून निघतो. दुसऱ्या सर्किटने २०१८ च्या हाँग फेई गाओ निकालात हेच धरलं: जजला बारीक विसंगतीवर बोट ठेवता येतं, पण बोट ठेवता येतं म्हणून तिला वजन आहे असं होत नाही. ती विसंगती माणसाने गोष्ट रचल्याचं सुचवते का, हे सांगावं लागतं.

आता कोर्टाची नजर. कायदा म्हणतो की वस्तुस्थितीबाबतचे निष्कर्ष अंतिम मानायचे, कोणत्याही समंजस निर्णयकर्त्याला उलट निष्कर्ष काढणं भागच पडलं असतं, असं असेल तरच ते मोडायचे. याची बीजं १९९२ च्या एलियास-झकारियास निकालात आहेत आणि १९९६ च्या कायद्यात ती कलम म्हणून आली. व्यवहारात याचा अर्थ कठोर आहे. रेकॉर्डमधून दोन अर्थ निघत असतील, एक अर्जदाराच्या बाजूचा आणि एक विरुद्ध, तर सरकार जिंकतं. आपला अर्थ जास्त पटणारा आहे हे सिद्ध करूनही हरता येतं.

म्हणून मुरलेले वकील थेट वस्तुस्थितीच्या भिंतीवर धडका मारत नाहीत. कायद्याची चूक कुठे आहे ते शोधतात, कारण कायद्याच्या प्रश्नावर कोर्टाला खालच्या निष्कर्षापुढे मान तुकवावी लागत नाही. पुरावा वाचलाच नाही, दिलेलं स्पष्टीकरण विचारात घेतलंच नाही, रेकॉर्डमध्ये नसलेली गोष्ट गृहीत धरली, बोर्डाने स्वतःच वस्तुस्थितीचे नवे निष्कर्ष काढले, या सगळ्या पद्धतीतल्या चुका आहेत. त्या तशाच मांडायच्या.

बोर्डाचं निकालपत्र शब्दशः वाचा

जजने अविश्वासाची नऊ कारणं दिली असतील आणि बोर्डाने त्यातली फक्त चार उचलून निकाल कायम केला असेल, तर कोर्टासमोर ती चारच असतात. १९४३ च्या चेनेरी निकालापासून अमेरिकी प्रशासकीय कायद्यात हे पक्कं आहे की संस्थेने जी कारणं दिली त्यांवरच तिचा निर्णय टिकला किंवा पडला पाहिजे. सरकारी वकील कोर्टात नवी कारणं पुरवू शकत नाहीत. ते प्रयत्न जरूर करतात. ‘शिवाय रेकॉर्डमध्ये अशीही विसंगती दिसते’ अशी वाक्यं त्यांच्या ब्रीफमध्ये, म्हणजे लेखी युक्तिवादात, शोधायची, आणि ती जजच्या किंवा बोर्डाच्या निकालात कुठेच नाहीत हे उत्तरात दाखवायचं.

बोर्डाने जजचा निकाल जसाच्या तसा स्वीकारला असेल तर जजचा निकाल हाच तपासाचा विषय. काही भाग स्वीकारून स्वतःची भर घातली असेल तर दोन्ही वाचावे लागतात. बोर्डाने विश्वासार्हतेवर काहीच न बोलता वेगळ्या मुद्द्यावर अपील फेटाळलं असेल तर प्रकरणच वेगळं होतं. इथे २०२१ चा गार्लंड विरुद्ध मिंग दाई हा निकाल आठवावा लागतो. नववं सर्किट तोवर असं धरत होतं की स्पष्ट अविश्वास नोंदवलेला नसेल तर कोर्टाने साक्ष खरी मानायची. सुप्रीम कोर्टाने एकमताने ते नाकारलं. स्पष्ट अविश्वास नोंदवलेला नसेल तर साक्ष विश्वासार्ह धरायची, हे कायद्यातलं गृहीतक बोर्डासमोरच्या अपिलापुरतं आहे, तेही खोडता येण्याजोगं. सर्किट कोर्टात ते लागत नाही. आणि ‘मी अविश्वास ठेवतो’ हे ठरावीक शब्द बोर्डाने वापरलेच पाहिजेत असंही नाही. शिवाय साक्ष विश्वासार्ह असली तरी ती पटण्याजोगी आणि पुरेशी आहे का, हे दोन प्रश्न उरतातच.

आणखी एक गोष्ट इथेच तपासून घ्या: आता जो मुद्दा मांडायचा आहे तो बोर्डासमोरच्या ब्रीफमध्ये मांडला होता का? २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ही अट कोर्टाच्या अधिकाराचा प्रश्न नाही. पण सरकारने हरकत घेतली तर न मांडलेला मुद्दा कोर्ट सहसा ऐकत नाही. बोर्डाच्या ब्रीफमध्ये ‘जजचा विश्वासार्हतेचा निष्कर्ष चुकीचा आहे’ असं एक वाक्य लिहून सोडलेलं असतं, तेव्हा वाईट वाटतं. सहा विसंगतींपैकी प्रत्येकीचं उत्तर तिथे नाव घेऊन द्यायला हवं होतं. विश्वासार्हतेचे निष्कर्ष बोर्डही २००२ च्या नियमांपासून ‘उघड चूक’ याच कसोटीवर पाहतं, त्यामुळे मोघम तक्रारीला तिथेही किंमत नसते.

तक्ता करा

प्रशासकीय रेकॉर्ड हातात आलं की, ते कित्येक शे पानांचं असलं तरी, पहिल्या आठवड्यात फक्त एक तक्ता करावा. प्रत्येक आडव्या ओळीत अविश्वासाचं एक कारण. मग रकाने: जजने ते नेमकं कोणत्या शब्दांत लिहिलं, पहिलं निवेदन कोणत्या पानावर, दुसरं कोणत्या पानावर, अर्जदाराला त्याबद्दल विचारलं का, त्याने काय स्पष्टीकरण दिलं, जजने त्या स्पष्टीकरणाचं काय केलं, बोर्डाने हे कारण ठेवलं का, बोर्डासमोर आपण ते खोडलं होतं का. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही.

तक्ता भरताना पहिला धक्का हा बसतो की काही विसंगती रेकॉर्डमध्ये नसतातच. जजने निकाल बऱ्याचदा सुनावणी संपल्यावर तिथेच तोंडी दिलेला असतो, टिपणांच्या आधारे. ‘अर्जदाराने आधी तीन हल्लेखोर सांगितले, मग पाच’ असं निकाल म्हणतो, आणि साक्षीच्या लिखित प्रतीत दिसतं की तीन जण पहिल्या घटनेतले होते आणि पाच जण दुसऱ्या. अशी एक जरी सापडली तरी ती ब्रीफमध्ये पहिल्या क्रमांकावर घ्यायची. बोर्डाचाच १९९८ चा मॅटर ऑफ ए-एस हा निर्णय तीन गोष्टी मागतो: विसंगती रेकॉर्डमध्ये खरोखर असली पाहिजे, तिच्यावरून अविश्वास ठेवण्याची नेमकी आणि पटण्याजोगी कारणं असली पाहिजेत, आणि अर्जदाराचं समाधानकारक स्पष्टीकरण नसलं पाहिजे.

स्पष्टीकरणाच्या रकान्यात फार बारकाईने लिहावं लागतं. स्पष्टीकरण शक्य कोटीतलं आहे एवढ्याने भागत नाही. जजला ते मानणं भाग होतं असं दाखवावं लागतं. मात्र जजने त्याचा उल्लेखही केला नसेल तर गोष्ट वेगळी. नववं सर्किट श्रेष्ठा विरुद्ध होल्डर या २०१० च्या निकालापासून सांगत आलं आहे की जजने सोयीचे तुकडे वेचू नयेत आणि विसंगतीचा विचार करताना अर्जदाराचं स्पष्टीकरणही विचारात घ्यावं. विसंगती ठळक नसेल आणि अर्जदाराला तिच्याबद्दल कोणी विचारलंच नसेल, तर दुसऱ्या सर्किटमध्ये तोही स्वतंत्र मुद्दा होतो.

भाषा आणि कॅलेंडर

आपल्या भागातून गेलेल्या लोकांच्या रेकॉर्डमध्ये निम्म्या विसंगती भाषेतून येतात, आणि त्या ओळखणं त्या भाषेच्या माणसालाच जमतं. ‘मारलं’ म्हणजे मारहाण केली की ठार केलं? मराठीत, हिंदीत, पंजाबीत ऐकणाऱ्याला संदर्भावरून कळतं. दुभाष्याला एका क्षणात एक इंग्रजी शब्द निवडावा लागतो. ‘भाऊ’ म्हणताना चुलतभाऊही त्यात येतो. अर्जात ‘चुलतभाऊ’ असं इंग्रजीत लिहिलेलं, साक्षीत दुभाष्याने ‘भाऊ’ म्हटलं, आणि फॉर्मवर सख्ख्या भावंडांच्या यादीत तो नाही: झाली विसंगती. हिंदीतला ‘कल’ कालही असतो आणि उद्याही.

तारखा तर विचारूच नका. नेपाळी माणूस विक्रम संवतात विचार करतो. २०७० सालचा पौष हा इंग्रजी २०१३ चा डिसेंबर आणि २०१४ चा जानेवारी, दोन्हीकडे पसरलेला असतो. इथिओपियाच्या कॅलेंडरला १३ महिने आहेत आणि वर्ष सात-आठ वर्षांनी मागे चालतं. इराणी वर्ष मार्चमध्ये सुरू होतं. ०५/०३ हा आपल्यासाठी पाच मार्च आणि अमेरिकी कारकुनासाठी तीन मे. एका महिन्याची तफावत दिसली की आधी रूपांतर करून पाहायचं.

पण हे कोर्टाला सांगायचं कसं? नवा पुरावा चालत नाही. म्हणून दुभाष्याची चूक रेकॉर्डमध्येच दिसली पाहिजे: उत्तर प्रश्नाला धरून नाही, अर्जदार ‘समजलं नाही’ म्हणतो, दुभाषा स्वतःच दुरुस्ती करतो, लिखित प्रतीत ‘अस्पष्ट’ अशा नोंदी नेमक्या महत्त्वाच्या जागी आहेत. चूक तिथे दिसत नसेल तर सुनावणीच्या ध्वनिमुद्रणावरून शपथेवर केलेलं भाषांतर घेऊन बोर्डाकडे प्रकरण उघडण्याचा अर्ज करणं हाच मार्ग उरतो, आणि तोही मुदतीत.

सीमेवर आणि विमानतळावर दिलेली निवेदनं

माणूस ३० तास झोपलेला नाही, हातात बेड्या होत्या, समोर गणवेशातला अधिकारी. त्या वेळी त्याने दिलेलं उत्तर चार वर्षांनी त्याच्याविरुद्ध वाचून दाखवलं जातं. सीमेवरच्या छापील फॉर्मवर भीतीबद्दल मोजके ठरावीक प्रश्न असतात: देश का सोडलात, परत जायची भीती आहे का, परत पाठवलं तर इजा होईल का, आणखी काही सांगायचं आहे का. तिथे ‘कामासाठी आलो’ असं नोंदवलेलं सापडलं की सरकारी वकिलाची उलटतपासणी तयारच असते.

दुसऱ्या सर्किटने २००४ मध्ये अशा निवेदनांची विश्वासार्हता तपासायला चार प्रश्न दिले, ते कुठल्याही सर्किटमध्ये उपयोगी पडतात. नोंद शब्दशः आहे की अधिकाऱ्याने सारांश लिहिला? प्रश्न आश्रयाच्या दाव्याचे तपशील बाहेर काढणारे होते का? मायदेशी पोलिसांनी किंवा सैन्याने छळलं असल्यामुळे माणूस अधिकाऱ्यासमोर बोलायला बिचकत होता का? उत्तरांवरून त्याला इंग्रजी किंवा दुभाष्याचं बोलणं समजत नव्हतं असं दिसतं का? बोर्डाने मात्र २०१८ मध्ये एक ठरावीक यादी बंधनकारक करायला नकार दिला आणि एकूण परिस्थिती पाहा असं सांगितलं. तरी जजने ही परिस्थिती अजिबात तपासली नसेल, तर मघाशी सांगितलेल्या कायद्यातल्या दुसऱ्या शब्दप्रयोगाचा आधार घेता येतो.

विश्वसनीय भीतीच्या मुलाखतीच्या (परत जायच्या भीतीची प्राथमिक तपासणी करणाऱ्या मुलाखतीच्या) नोंदी याहून लांब असतात, प्रश्नोत्तरांसारख्या दिसतात, म्हणून जज त्यांना शब्दशः नोंद समजतात. त्या फॉर्मवरच छापलेलं असतं की ही टिपणं शब्दशः नाहीत. ते पान रेकॉर्डमध्ये शोधून त्याचा क्रमांक ब्रीफमध्ये द्यायला विसरू नका.

राहून गेलेल्या गोष्टींचंही असंच. सीमेवर न सांगितलेला तपशील पुढे सविस्तर अर्जात आला तर ती भर आहे, विरोध नाही. मात्र जी गोष्ट कोणीही सगळ्यात आधी सांगितली असती, उदाहरणार्थ बलात्कार किंवा तुरुंगवास, ती लेखी अर्जातही नसेल तर कोर्ट सहज माफ करत नाही. लैंगिक अत्याचार उशिरा सांगण्यामागची कारणं मानसोपचारतज्ज्ञाच्या अहवालाने खाली, सुनावणीतच, नोंदवून ठेवावी लागतात. डॉक्टरच्या पत्रात किंवा शेजाऱ्याच्या निवेदनात एखादा तपशील नसणं तर याहून हलकं: ते लिहिणाऱ्याचं काम वेगळंच असतं.

देहबोली आणि ‘असं घडूच शकत नाही’

देहबोलीवरचा निष्कर्ष मोडणं सगळ्यात अवघड, कारण जजने माणूस पाहिलेला असतो आणि कोर्टाने नाही. तरी ‘अर्जदार टाळाटाळ करत होता’ एवढं पुरत नाही. कोणत्या प्रश्नाला, कोणत्या पानावर, काय केलं, हे जजने सांगायला हवं. नजर खाली होती म्हणून खोटा, असं लिहिलेलं दिसलं तर रेकॉर्डमध्ये आघाताचं निदान आहे का पाहा. सुनावणी व्हिडिओवर झाली असेल तर कॅमेरा, आवाज, अडथळे यांच्या नोंदी शोधा.

संभाव्यतेच्या निष्कर्षात मात्र जजच जास्त चुकतात. ‘पोलिसांना खरोखर पकडायचं असतं तर त्यांनी घरी येऊन पकडलं असतं’, ‘धोका असता तर बायको-मुलं मागे ठेवली नसती’. ही जजची अटकळ असते. अशा प्रत्येक वाक्याखाली विचारायचं: याला रेकॉर्डमध्ये आधार काय? परराष्ट्र खात्याच्या अहवालात नेमकी उलट माहिती असते कधीकधी, आणि जजने ते पान उघडलेलंच नसतं.

उरलेली कारणं निकाल पेलतात का

समजा आठापैकी पाच कारणं पडली. उरलेली तीन खरी आहेत. इथे सरकार म्हणणार, तीन पुरेशी आहेत. नवव्या सर्किटमध्ये पूर्वी एक कारण टिकलं तरी निष्कर्ष टिकायचा. २०२१ च्या आलम निकालात पूर्ण पीठाने तो नियम मोडीत काढला आणि एकूण परिस्थितीची अट पुन्हा पुढे आणली. तरी किती कारणं पडली की निकाल पडतो, याचं गणित नाही. पडलेल्या पाचांवर जजने किती भर दिला होता, ते दाखवावं लागतं. ‘विशेषतः’, ‘सर्वात चिंताजनक’ असे शब्द निकालात असतात. ते पडलेल्या कारणांना जोडलेले असतील तर त्या चुकांशिवायही हाच निकाल लागला असता, असं कोर्टाला खात्रीने म्हणता येत नाही. युक्तिवादाचं शेवटचं पाऊल तेच असतं.

खरी कारणं लपवू नका. जी विसंगती खरोखर आहे ती स्वतःहून मांडून तिचं वजन का कमी आहे ते सांगणारं ब्रीफ न्यायाधीश विश्वासाने वाचतात.

पूरक पुराव्याचा सापळाही इथेच असतो. कायद्यानुसार साक्ष विश्वासार्ह असली तरी जज पूरक पुरावा मागू शकतो, तो माणसाकडे नसेल आणि रीतसर मिळवता येण्यासारखा नसेल तर गोष्ट वेगळी. नववं सर्किट २०११ पासून म्हणतं की जजने काय हवं ते आधी सांगून संधी दिली पाहिजे. दुसरं आणि सातवं सर्किट तसं मानत नाहीत, आणि बोर्डानेही २०१५ मध्ये आगाऊ सूचनेची गरज नाही असं सांगितलं. म्हणून अविश्वास आणि पूरक पुराव्याचा अभाव ही दोन कारणं निकालात वेगळी दिली आहेत का ते बघा. वेगळी असतील आणि ब्रीफने फक्त पहिल्यावर हल्ला केला असेल, तर दुसऱ्यावर प्रकरण हरतं.

संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी कराराखालचं संरक्षणही वेगळं मांडा. आश्रयाच्या साक्षीवर अविश्वास बसला तरी देशाच्या परिस्थितीचे अहवाल, वैद्यकीय कागद, त्या गटातल्या लोकांचं काय होतं याचा स्वतंत्र पुरावा उरतो, आणि तो न वाचता ‘साक्षच खोटी, म्हणून हेही नाही’ असं लिहिणं चूक आहे. आणि निकालात अर्ज ‘फ्रिव्हलस’ म्हणजे जाणूनबुजून रचलेला ठरवला असेल, तर त्याला वेगळं आव्हान दिलंच पाहिजे. अविश्वास आणि हे एक नाही. फ्रिव्हलस ठरलेल्या माणसाला इमिग्रेशन कायद्याखालच्या लाभांचं दार कायमचं बंद होतं, म्हणून त्यासाठी आधी इशारा दिलेला असणं, महत्त्वाची बाब मुद्दाम रचल्याचा वेगळा निष्कर्ष आणि स्पष्टीकरणाची संधी, हे सगळं लागतं.

जिंकलात तर

कोर्ट आश्रय देत नाही. प्रकरण बोर्डाकडे परत जातं आणि बोर्ड बऱ्याचदा ते जजकडे पाठवतं. २००२ आणि २००६ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालांनी हीच सर्वसाधारण वाट ठरवली आहे. परतल्यावर नवा पुरावा देता येईल का, साक्ष पुन्हा होईल का, हे परत पाठवण्याच्या आदेशाच्या शब्दांवर ठरतं, म्हणून ब्रीफच्या शेवटच्या मागणीतच ‘नव्याने विश्वासार्हता ठरवण्यासाठी’ असं स्पष्ट लिहावं. आधीच्या जजच्या भाषेत पूर्वग्रह दिसत असेल तर दुसऱ्या जजकडे पाठवण्याची विनंतीही तिथेच करावी.

जुनी साक्ष मात्र पुसली जात नाही. नव्या सुनावणीत सरकारी वकील तिच्याशीच तुलना करणार. म्हणून तयारीच्या पहिल्या दिवशी अर्जदाराला त्याची जुनी लिखित साक्ष त्याच्या भाषेत, ओळीन् ओळ वाचून दाखवायची. जिथे तो ‘मी असं म्हणालो नव्हतो’ म्हणतो तिथे खूण करायची, ध्वनिमुद्रण ऐकायचं, आणि चूक निघाली तर साक्ष सुरू होण्याआधी लेखी दुरुस्ती दाखल करायची. दुभाषा त्याच बोलीचा आहे का, हे सुनावणीच्या दिवशी जजसमोर, रेकॉर्डवर विचारून घ्यायचं.